लालबाग स्टेशनावरची दहा मिनिटं

कोकिळाबाईंचा नवरा आरमारात अधिकारी आणि त्यांचा संसार बुऱ्हाणपूरच्या टपालात. लग्न लढाईच्या दिवसांतलं. बावीस दिवस होतात न होतात तोच सुधाकररावांना बोटीवर हजर व्हायचा हुकूम आला. पुढे सेहेचाळीसच्या होळीला दहा दिवसांची सुट्टी मिळाली, तेवढीच. त्यानंतर शारदा झाली. बापाने लेकीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं.

पण पत्रं! सुधाकरराव रोज एक लिहायचे, वर नंबर घालून. पहाटे चारची पाळी, डब्यातल्या दुधाचा गुळमट चहा, बोट डोलली की मांडीवर सांडणारी डाळ, सगळं त्यात असायचं. लढाईत खलाशांची पत्रं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. दुसऱ्यांचं प्रेम वाचून वाचून त्यांना स्वतःचं लिहायची लाज वाटे, म्हणून शेवटी नुसतं 'वेळेवर जेवत जा'. कोकिळाबाई त्यावरही लाजायच्या, आता बोला!

बोट बंदराला लागेपर्यंत पत्रं साठत, आणि मग सुपडू पोस्टमन एकदम गठ्ठाच आणून देई. बाईंचा नेम होता: रोज एकच उघडायचं, दुपारी, शारदा निजल्यावर. म्हणजे नवरा रोज घरी आल्यासारखा वाटे. सासूबाई मनकर्णा चिडवायच्या, "अवं, सगये एकदाच वाचून टाक ना! प्रसाद हाये का, थोडा थोडा खायाले?"

सत्तेचाळीस साली जुनागढचा तंटा पेटला आणि बोट काठेवाडच्या किनाऱ्याला गेली. तीन आठवडे एक ओळ नाही. दिवाळीचा फराळ कुणाच्या घशाखाली उतरला नाही. मग एका रविवारी सुपडू कचेरी बंद असूनही, धामधुमीत लिहून झालेली नऊच पत्रं घरी पोचवून गेला. बाईंनी ती नंबरवार लावली, पहिलं उघडलं आणि बाकीची उशाखाली ठेवली.

नववं उघडलं तेव्हा पुढच्या आठवड्यातला सोमवार होता. लिहिलं होतं, 'मुंबईला पोचलो. कलकत्त्याला बदली झाली. शनिवारी दुपारी आमची मेल आपल्या बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनावर दहा मिनिटं थांबेल. शारदाला घेऊन ये.'

परवाच्या शनिवारी दुपारी बाई सातवं पत्र वाचत बसल्या होत्या, स्टेशनापासून कोसभरावर.

दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही. सासूबाईंनी समजूत घातली, "लिही ना, चिठ्ठी लेट आली म्हणून. टपालाची तर रोजचीच बोंब हाये, त्याले काय पत्ता लागते!" खरंच लागला नसता. बाईंनी दोनदा तसं लिहायला घेतलं. पण उन्हातान्हात पायपीट करणाऱ्या सुपडूवर आळ घ्यायचा? आणि या माणसाशी पहिलं खोटं बोलायचं? कागदावरच्या संसारात खोटं शिरलं तर मग उरलं काय? त्यांनी होतं तसं लिहिलं आणि नवऱ्याचं मन आता आपल्यावरून उडालं असं धरून चालल्या. कारण रोज लिहिणाऱ्या माणसाचं त्या शनिवारपासून एकही पत्र आलं नव्हतं.

वीस दिवसांनी एकच पाकीट आलं. बाईंनी ते दारातच, सुपडूसमोर फोडलं.

'फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा धावलो. कडेवर मूल असलेल्या चौघी होत्या. चौघींच्या तोंडाकडे पाहिलं. एकीने मला बघून पदर पुढे ओढला. गाडी सुटली आणि मनात आलं, ती तूच तर नव्हतीस? तेव्हापासून तुझा चेहरा आठवतो आहे आणि तो काही केल्या येत नाही. लिहायची हिंमत झाली नाही. तू आलीच नव्हतीस, हे वाचून जिवात जीव आला. दोघींचा फोटो काढून पाठव.'

कोकिळाबाईंनी डोळे मिटले. नवऱ्याची टोपी आठवली, आवाज आठवला, अक्षर तर समोरच होतं. चेहरा येईना.

सुपडूला थांबवून त्यांनी उंबऱ्यावरच कागद घेतला आणि लिहिलं, 'आधी तुमचा पाठवा.'