सलाममामांचा नंबर

सलाममामांच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. त्यामुळे ते सलाम करायचे तेव्हा कपाळाला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढीच टेकायची. पण तसा कडक सलाम मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. आणि तो असायचा कुणाला, तर कळंब्याच्या तळ्याकडच्या पाळण्याच्या बागेत येणाऱ्या पोरांना. फाटकावर तिकीट फाडायचं, टाचा जुळवायच्या आणि शेंबड्या चार वर्षांच्या पोरालाही मोठा साहेब आल्यासारखा सलाम ठोकायचा. मोठ्या माणसांना मात्र नुसतं, "या पावणं."

पोरं बोटांचं विचारायचीच.

"मामा, तुमची दोन बोटं कुठं गेली?"

"एक बर्फात पेरलंय. उगवलं की घिऊन येतो."

"आन् दुसरं?"

"दुसरं राखणीला ठेवलंय तितंच. कुणी चोरून न्हेलं तर?"

पोरं खुळी व्हायची. पुढच्या खेपेला आली की आधी विचारायची, "उगवलं काय ओ मामा?"

त्या बागेत छोटी आगगाडी होती, आकाशपाळणा होता, घसरगुंडी होती. मी तिकिटाच्या खिडकीत बसायचे. मामा माझ्या सासऱ्यांचे दोस्त. माझे मालक फौंड्रीत आजारी पडले, घरी बसले, तेव्हा मामांनीच बागेच्या शेठना सांगून मला तिथं लावलं. मी चौथी शिकलेली. माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हाही चिकटायची, अजूनही चिकटते. पण ती खिडकी एवढी लहान होती की बाहेरून फक्त माझे हात दिसायचे. मामा म्हणाले होते, "सूनबाई, हितं तोंड दाखवायचं कामच न्हाय. हात चालले की झालं." हे लिहितेय तेही नातीच्या वहीच्या उरलेल्या पानांवर. कुणाला दाखवायचं नाही. पण मामा कुठेतरी लिहिलेले असावेत असं फार दिवस मनात होतं.

मामा वीस वर्षं पलटणीत होते, पण बंदूकवाले नव्हते. ते लांगरी होते, म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी. ते त्यांनी कधी लपवलं नाही. कुणी कौतुकानं विचारलं, "मामा, किती लढाया मारल्या?" तर सरळ सांगायचे, "लढलो न्हाय. रांधलं."

बागेचे मॅनेजर त्यावरून त्यांची टर उडवायचे. "काय मामा, तव्यावर किती दुश्मन भाजले?"

"तुमच्यायेवढा येकबी जाड गावला न्हाय सायेब," मामा म्हणायचे, आणि मॅनेजरच पोट धरून हसायचे.

त्यांचा एक हट्ट होता. चहा असो, भाकरी असो, देताना ती गरमच पाहिजे. फाटकामागच्या खोलीत त्यांचा स्टो होता. आधी गुळाचं पाणी उकळायचं, त्यात दोन मिरे ठेचून टाकायचे, मग पत्ती. कप माझ्या खिडकीत आणून ठेवला आणि मी हिशेबात गुंतलेली असले, तर पुढं दोन मिनिटांनी ते तो कप उचलून परत न्यायचे. पुन्हा गरम करून आणायचे. मी म्हणायचे, "राहू दे की मामा, चालतंय मला." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं: "तुला चालतंय, मला चालत न्हाय. गार दिलं म्हंजी दिलंच न्हाय."

मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची सवय. त्यामागे काय होतं ते मला पुढं कळलं.

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. कोल्हापुरात जिकडेतिकडे जवानांचं नाव होतं. शेठच्या मनात आलं की यंदा सव्वीस जानेवारीला बागेत झेंडावंदन करायचं आणि जुन्या शिपायांचा फेटा बांधून मान करायचा. त्यांनी मामांनाच सांगितलं, "तुमच्या पलटणीतली आसपासची माणसं तुम्हाला ठाऊक. यादी करा."

मामांनी सायकल काढली. शिवाजी पेठेत चार घरं केली, गडमुडशिंगीत चार घरं केली. मग माझ्या खिडकीशी येऊन बसले आणि नावं सांगू लागले. त्यांना कलम धरता यायचं नाही, म्हणून त्यांची पत्रंही मीच लिहायचे. गावागावानं लिहायचं, असं त्यांनी सांगितलं. आधी पेठेतले चार. पहिले सुभेदार, मग बाकीचे तिघे. चार नंबर झाला आणि मामा बोलले, "आता मुडशिंगी घे."

मी पाचवा आकडा घातला आणि पुढं लिहिलं, कळंबा. त्यापुढं मामांचं नाव लिहिलं. मग सहापासून मुडशिंगी. यादी त्यांच्यासमोर सरकवली.

मामा अक्षर अक्षर लावून वाचायचे. पाचव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ह्ये काय?"

मी पेनाला टोपण लावलं.

"काट त्ये."

"तुम्हीपण पलटणीतलेच की, मामा."

"सूनबाई, ह्यो मान गोळीम्होरं हुबं ऱ्हायलेल्यांचा हाय. त्यांच्यात भाकरी थापणाऱ्याचं नाव घातलं तर ती मानसं काय म्हनतील? काट."

ते रागावले नव्हते. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मी त्यांचं नाव काटलं. माझ्याच हातानं काटलं. फक्त एवढंच केलं की रेघ एकच मारली, बारीक, अक्षरांच्या पोटातून जाणारी. खालचं नाव वाचता येत होतं. आणि आकडे तसेच ठेवले. चारनंतर खोडलेला पाच, मग सहा.

"नंबर सुदार की," मामा म्हणाले.

"नवा कागद नाही," मी म्हणाले. टेबलाच्या खणात कोरे कागद गठ्ठ्यानं होते. मामांशी मी बोललेलं तेवढं एकच खोटं.

आदल्या दिवशी मामांनी झेंडा स्वतः इस्त्री केला. शेवंतीच्या पाकळ्या आत ठेवून घडी घातली आणि त्या अधू हातानं गाठ बांधली. गाठ अशी हवी की वर जाताना सुटता कामा नये आणि एका झटक्यात उमललीही पाहिजे. ती त्यांनी चारदा बांधून चारदा सोडून पाहिली. माझ्या मनात मात्र ती यादीच होती. उद्या सगळ्यांची नावं पुकारली जातील आणि मामा फाटकावर तिकिटं फाडत उभे असतील. ज्या माणसानं घरोघर जाऊन सगळ्यांना बोलावलं, त्यालाच कुणी विचारणार नाही. आणि नाव काटणारा हात माझा.

सव्वीसला सकाळी शिपाई आले. कुणी कोटावर पदकं लावलेली, कुणाचा कोट नातवाच्या लग्नातला. मामांनी सगळ्यांना गरम चहा दिला आणि फाटकाकडे निघून गेले. थोड्या वेळानं माझ्या खिडकीत एक पांढऱ्या मिशांचा चेहरा वाकला. पेठेतले सुभेदार होते. त्यांच्या हातात यादी होती.

"बाई, ही यादी कुनी लिवली?"

"मी."

"ह्यातलं येक नाव काटलंय. कुनी काटलं?"

"मीच. त्यांनी काट म्हटलं."

सुभेदार कागद डोळ्यांशी धरून बघत राहिले. मग म्हणाले, "काटलंय खरं. पन वाचाय येतंय."

"हो," मी म्हणाले. "वाचता यावं म्हणूनच."

ते मिशीत हसले. "असू दे. बघतो मी," म्हणाले आणि गेले.

झेंड्याच्या खांबासमोर शिपाई उभे राहिले. शाळेची पोरं होती, बायामाणसं होती, मी खिडकी बंद करून मागच्या बाजूला उभी होते. पाहते तर चौथा माणूस आणि त्याच्या पुढचा माणूस यांच्यात एका माणसाची जागा मोकळी. मॅनेजर पुढं झाले आणि म्हणाले, "जरा सरकून घ्या मंडळी, फोटोत बरं दिसत नाही." कुणी हललं नाही.

सुभेदार रांगेच्या टोकाला होते. त्यांनी एकदम आवाज दिला, "दाहिने से, गिनती कर!"

पलटणीतली गिनती हिंदीत असते. एकेकानं मान झटकून ओरडायचं.

"एक!"

"दो!"

"तीन!"

"चार!"

मग काहीच नाही. आणि मग मुडशिंगीच्या पहिल्या माणसाचा आवाज, "छह!"

"सात!"

"आठ!"

"नौ!"

शाळेची पोरं खिदळली. मास्तर हळूच म्हणाले, "सुभेदार, पाच राहिला बहुतेक."

"ऱ्हायला न्हाय," सुभेदार मोठ्यानं म्हणाले. "फाटकावर हुबा हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. मामा फाटकाचा गज धरून उभे होते. हातात तिकिटांचे तुकडे.

सुभेदार शेठकडे वळले. "शेठ, तीन दिवस बर्फानं वाट बंद हुती. वर आमी चौकीवर, पोटात काय न्हाय. ह्यो गडी डालीचं भगुनं कांबळ्यात गुंडाळून पाठीला बांधून चढला. झाकन सुटंल म्हनून येक हात मागं दाबून धरला, त्यो तसाच वरपर्यंत. पोचला तवा हात झाकनाला चिकटलेला. बोटं तितंच गेली. पन डाल गरम हुती शेठ. आमी हितं जे हुबं हाय न्हवं, त्ये त्या डालीवर हुबं हाय. आता गिनती पुरी झाल्याबिगार झेंडा वर जानार न्हाय."

सुभेदारांनी पुन्हा आवाज दिला. पुन्हा एक, दो, तीन, चार. पुन्हा सगळे थांबले. आणि फाटकावरून आवाज आला, "पाँच!"

तो आवाज मामांचा वाटलाच नाही. जवान माणसाचा वाटला.

मामा चालत आले. धावत नाही, लाजत नाही, पावलं मोजत. मोकळ्या जागेत उभे राहिले, तेव्हा कुठे मुडशिंगीवाल्यानं "छह!" म्हटलं आणि ते असं काही म्हटलं की पाळण्यावरचे पारवे उडाले. शेठ पुढं आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी झेंड्याची दोरी मामांपुढं धरली.

मामांनी मान हलवली. "शेठ, झेंडा तुमी वडा. मला रांगंत ऱ्हाऊ द्या."

शेठनी दोरी ओढली. गाठ एका झटक्यात सुटली, पाकळ्या नऊ जणांच्या डोक्यावर पडल्या. फेटे आठच आणले होते. मामांच्या डोक्यावर रोजचीच खाकी टोपी राहिली आणि त्या टोपीला उरलेली दोन बोटं टेकलेली. मॅनेजर पुढं झाले. त्यांनी नुसते हात जोडले. त्या दिवसानंतर तव्याचा विनोद त्यांनी कधी केला नाही. मामांनाच मग करमेना. तेच म्हणायचे, "सायेब, आजकाल तव्याची चवकशी न्हाय?"

झेंडावंदन झाल्यावर मामा माझ्या खिडकीशी आले. "सूनबाई, काट म्हनलं तवा काटायचं का न्हाय?"

"काटलं की, मामा."

"ह्याला काटनं म्हनत्यात व्हय?" असं म्हणून ते स्टोकडे गेले. त्या दिवशी एवढे पाहुणे असताना पहिला कप त्यांनी माझ्या खिडकीत आणून ठेवला. मी तो गरम असतानाच प्यायले. जीभ भाजली.

त्यानंतर दरवर्षी सव्वीस जानेवारीला ते नऊ जण बागेत यायचे. फाटकावर तेवढ्यापुरतं कुणी दुसरं उभं राहायचं आणि मामा आपल्या जागेवर. बोटांचं मात्र पोरांना त्यांनी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. "खरं सांगितलं तर पोरं पुन्हा इचारनार न्हाईत की," म्हणायचे.

नऊ जणांतले पहिले गेले ते मामाच. दिवाळीनंतर छातीला सर्दी धरली, आठ दिवसांत आटोपलं. मी भेटायला गेले होते, तेव्हा त्यांची सून त्यांना दूध देत होती. मामांनी कपाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "गरम करून दे माय." तेच त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं.

दोन महिन्यांनी सव्वीस जानेवारी आली. झेंडा मीच इस्त्री केला, गाठ मीच बांधली. मामांनी शिकवलेली होती. आठ शिपाई उभे राहिले आणि चौथ्यानंतरची जागा त्यांनी पुन्हा मोकळी ठेवली. मी खिडकीतच होते. सुभेदारांचा आवाज आता थकला होता, पण गिनती तशीच सुरू झाली.

एक. दो. तीन. चार.

मुडशिंगीवाला काही म्हणेना. समोर बघत उभा होता. कुणी हसलं नाही, मास्तरांनीही काही सुचवलं नाही. माझे हात तिकिटांच्या गठ्ठ्यावर होते. मी एवढ्या माणसांत आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं.

"पाँच," मी म्हणाले.

फार मोठ्यानं नाही. पण मुडशिंगीवाल्याला ते ऐकू गेलं असावं, कारण त्यानं मान झटकली आणि ओरडला, "छह!"

बाग बंद पडेपर्यंत पाच नंबर मीच म्हटला.