बसवून ठेवलेला माणूस

ती घटना आठवायला मला कुठली डायरी उघडावी लागत नाही. उघडून उपयोगही नाही, कारण ती कुठल्याच डायरीत लिहिलेली नाही. ती मीच लिहिली नाही.

निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी मी हौसेने वाचतो. त्यात सगळे गुन्हे उघडकीस येतात, सगळे आरोपी शेवटी घडाघडा बोलतात आणि लेखकमहाशय एकदाही चुकत नाहीत. एवढ्या हुशार लोकांत मी कसा काय खपून गेलो, याचं नवल करत मी पुस्तक मिटतो. आज माझी एक आठवण सांगतो. नाव कुणाचंच घेणार नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी पुण्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. नोकरीला चार वर्षं झाली होती आणि अंगात मस्ती होती. आमच्या खात्यात एक शब्द चालतो, 'बसवून ठेवणे'. अटक केली की कागद सुरू होतात. ठाण्याच्या डायरीत वेळेसह नोंद करा, घरच्यांना कळवा, चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं करा. बसवून ठेवलं की यातलं काही नाही. माणूस बाकावर बसलेला असतो आणि कागदावर तो नसतोच. "त्याला जरा बसवा हो," एवढं म्हटलं की काम झालं. चहा सांगावा इतक्या सहज मी हे वाक्य रोज बोलायचो.

एका बड्या कंत्राटदाराच्या बंगल्यातून लग्नाचे दागिने गेले. मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं. कुलूप तुटलेलं नाही, खिडकीचा गज वाकलेला नाही, कपाट किल्लीनेच उघडलेलं. पंचनामा चालू असताना आमचे जमादार, म्हणजे ठाण्यातले सर्वांत जुने हवालदार, माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, काम घरातलंच दिसतंय." मी त्यांना गप्प केलं. घरातल्या कुणाला विचारायचं नाही, असं कंत्राटदाराने आधीच बजावलं होतं आणि त्याची वरपर्यंत ऊठबस होती. वरिष्ठ निरीक्षकांना वरून फोन यायचे. प्रत्येक फोननंतर ते मला आत बोलावून विचारायचे, "काय फौजदार, लग्नाला आहेर काय नेणार आहात?"

अशा वेळी खबर लागते. लागतेच, कारण साहेबांना आज काहीतरी हवंय, हे खबऱ्यालाही कळतं. आमचा एक खबऱ्या पानाची टपरी चालवायचा. तो म्हणाला, बंगल्यात रोषणाईच्या वायरिंगला एक माणूस येतो, विश्रांतवाडीला राहतो, पार आतल्या खोलीपर्यंत जातो. त्याने एवढंच सांगितलं. बाकीची चोरी मी मनातल्या मनात पूर्ण केली.

मंगळवारी सकाळी आम्ही त्याच्या दारात गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो तिशीचा, सडपातळ, पहिल्या पाळीला निघालेला. अंगात कंपनीचा गणवेश, हातात डबा आणि वायरिंगचं किरकोळ सामान असलेली पिशवी. एका कारखान्यात तो वायरमन होता, टेंपररी. सुटीच्या दिवशी बाहेरची कामं करायचा. थोरला भाऊ त्याच कारखान्यात कायम होता. भावाने कंपनीतल्या साहेबांकडे शब्द टाकून याला चिकटवलं होतं आणि पुढच्या महिन्यात याची परमनंटची ऑर्डर निघायची होती. हे सगळं त्याने जीपमध्ये चढायच्या आधीच सांगून टाकलं.

"न सांगता खाडा झाला ना साहेब, की ब्रेक देतात, कामावरून कमी करतात. दादाचं नाव खराब होईल. कोपऱ्यावरून कंपनीत एक फोन करू द्या."

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो. "दोन प्रश्न विचारतो आणि सोडतो."

शुक्रवारपर्यंत आम्ही त्याला बसवून ठेवलं.

पहिला दिवस नुसत्या प्रश्नांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पट्टा काढायला सांगितलं. जाड चामड्याचा असतो, तळपायावर मारला की वरून फारसं काही दिसत नाही. जमादारांनी मारलं, मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो. चोरी केलेला माणूस केसची काळजी करतो. कलम कुठलं लागेल, जामीन होईल का, वकील कोणता गाठावा. हा पठ्ठ्या मार खाता खाताही एकच विचारत होता, "कंपनीत कळवलंत का?" मला तिथेच खटकायला हवं होतं. उलट मला वाटलं, बेरकी आहे, विषय बदलतोय.

गुरुवारी तो म्हणाला, "साहेब, मीच घेतले म्हणतो. कुठे ठेवले ते तुम्ही सांगा, मी तिथेच ठेवले म्हणतो. फक्त आज दुसऱ्या पाळीला तरी जाऊ द्या."

मी हसलो. खोलीतले सगळेच हसले. ते हसणं आठवलं की आजही मला माझीच शिसारी येते.

शुक्रवारी तपास लागला, पण त्यात माझी हुशारी काडीची नव्हती. लोणी काळभोरच्या एका सराफाकडून निरोप आला, की एक तरुण बांगड्या मोडायला आलाय आणि पावती मागितली तर त त प प करतोय. जाऊन पाहतो तर कंत्राटदाराचा सख्खा पुतण्या. त्यालाही ठाण्यात आणून बसवलं, पण खुर्चीवर, समोर चहा ठेवून. तासाभरात काका आले. "घरची गोष्ट आहे. दागिने कपाटातच सापडले असं लिहून टाका," म्हणाले. आम्ही तसं लिहून टाकलं. तक्रार गैरसमजातून दिली होती असा जबाब झाला आणि पुतण्या काकांच्या गाडीतून घरी गेला. ठाण्यात पेढे आले. मीही खाल्ला.

संध्याकाळी वायरमनला म्हटलं, "जा आता." तो भिंतीला धरून उठला.

"साहेब, एक चिठ्ठी द्या. मी चार दिवस इथे होतो, एवढंच लिहा."

"सोमवारी ये," मी म्हणालो.

सोमवारी त्याची बायको आली. हातात कंपनीचं पत्र होतं. विनापरवाना गैरहजेरीचा लेखी खुलासा पुराव्यासह दोन दिवसांत द्यावा, नाहीतर कामावरून कमी करण्यात येईल.

"ते नाही आले?" मी विचारलं.

"त्यांना चपला घालता येत नाहीत. चिठ्ठी देता ना?"

मी आत वरिष्ठांकडे गेलो. ते आमच्या अस्सल पुणेरी थंडपणाने म्हणाले, "द्या की. कुठल्या कलमाखाली होता तेही लिहा. डायरीत कुठे आहे, कोर्टात कधी नेला, सगळं लिहा. मग तुमचा आणि माझा निलंबनाचा आदेश एकदमच टाइप करून घेऊ. तेवढीच टायपिस्टची सोय."

मी बाहेर आलो. जमादार मला सांभाळून घ्यायला पुढे झाले. "ताई, डॉक्टरांकडून दाखला आणा की. चार दिवस ताप होता म्हणून."

"ताप नव्हता त्यांना. तुमच्याकडे होते ते. आणि डॉक्टर म्हणतात, पाय बघितल्यावर मी तापाचं कसं लिहू?"

मी म्हणालो, "बाई, ते इथे आल्याची आमच्याकडे नोंदच नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, तुम्हीच नाही का न्यायला आला होतात? दार मी उघडलं होतं की!"

मी समोरची फाइल उघडून वाचल्यासारखं केलं. ती बराच वेळ उभी होती. मग निघून गेली. त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढलं.

पण ती गप्प बसणारी नव्हती. तिने वर अर्ज केला आणि महिन्याभराने एका सहायक आयुक्तांपुढे चौकशी लागली. मी जबाब दिला, 'ठाणे दैनंदिनीचे अवलोकन केले असता सदर इसमास ठाण्यात आणल्याचे दिसून येत नाही.' वाक्य शंभर टक्के खरं होतं. आमच्या खात्याच्या मराठीत कुणीच काही करत नाही. सगळं करण्यात येतं, आढळून येतं किंवा दिसून येत नाही. ती भाषा मी फार झकास लिहायचो. वरिष्ठ माझ्या मसुद्यांचं कौतुक करायचे.

वायरमन समोरच बसला होता. तो म्हणाला, "साहेब, मी तिथे होतो याचा पुरावा आहे. बुधवारी सकाळी ठाणे अंमलदाराच्या डोक्यावरची ट्यूब मी दुरुस्त केली. जमादार म्हणाले, वायरमन आहेस ना, बघ जरा. चोकाजवळ मी निळ्या वायरचा तुकडा जोडलाय. तो माझ्या पिशवीतला आहे. तुमच्या ठाण्यातली बाकी सगळी वायर काळी आहे."

ते खरं होतं. मार द्यायच्या आधी आम्ही त्याला स्टुलावर चढवून ट्यूब दुरुस्त करून घेतली होती. काम त्याने चोख केलं होतं.

चौकशी अधिकारी म्हणाले, "ठीक आहे. उद्या येऊन बघतो."

ते उद्या म्हणाले. ठाणं तिथून दहा मिनिटांवर होतं. तो एक दिवस कुणासाठी होता, ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी ठाण्यात परतलो आणि जमादारांना म्हणालो, "ती वायर बदला."

जमादारांनी तोवर माझा शब्द कधी मोडला नव्हता. ते म्हणाले, "साहेब, झालं तेवढं पुरे. एवढं नको."

"बदला."

त्यांनी बदलली. जुनीच काळी वायर शोधून लावली, जुनी चिकटपट्टी गुंडाळली, वर धूळसुद्धा फासली. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमक्ष ट्यूब उघडली. तो स्टुलाजवळ मान वर करून बघत राहिला. अहवाल आला, 'आरोपांत तथ्य आढळून आले नाही.'

त्याला मारलं तेव्हा वरून दबाव होता, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. पण वायर बदलायला सांगितली तेव्हा कुणाचाही फोन आला नव्हता. ते मी माझ्या अकलेने, शांत डोक्याने केलं.

पुढे मी ठाण्यांचा प्रमुख झालो. माझ्या ठाण्यात उंबरठा ओलांडणाऱ्या प्रत्येकाची वेळ आधी डायरीत जायची. लोक म्हणायचे, साहेब शिस्तीचे आहेत. काही जण मागे 'नोंदवाले' म्हणून चिडवायचे. शिस्त कसली आली आहे डोंबलाची! त्या बाईने ठाण्यात विचारलेला प्रश्न पुन्हा कुणी विचारू नये, याची मला भीती होती. आणि गंमत बघा, पुढे शेकडो लोकांच्या वेळा मी लिहिल्या, पण त्या एका माणसाला चिठ्ठी द्यायला माझं पाऊल उचलत नव्हतं. निवृत्तीचे लाभ हातात पडेपर्यंत तर नाहीच.

मागच्या वर्षी विचारत विचारत विश्रांतवाडीला गेलो. त्याचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. केस पांढरे झालेत. मला त्याने लगेच ओळखलं. "या," एवढंच म्हणाला. मी घरून टाइप करून आणलेला कागद त्याच्यापुढे ठेवला.

'सदर इसमास मंगळवार सकाळपासून शुक्रवार सायंकाळपर्यंत पोलीस ठाण्यात बसवून ठेवण्यात आले होते. चौकशीदरम्यान त्यांना त्रास झाला. त्यांचा गुन्ह्याशी संबंध आढळून आला नाही.' खाली माझी सही.

त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "बसवून ठेवण्यात आले. कुणी?"

मी ती ओळ परत वाचली.

"आणि त्रास झाला म्हणजे काय हो साहेब? आपोआप झाला? पोटात दुखतं तसा?"

त्याने वहीतला एक कोरा कागद फाडून माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. दुकानाच्या टेबलावर वाकून मी हाताने लिहिलं. मी यांना घरून घेऊन गेलो. मी यांना चार दिवस सोडलं नाही. मी यांच्या तळपायांवर पट्टा मारायला लावला. यांनी काही चोरलं नव्हतं. निळी वायर मी काढायला लावली.

तो वाचत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"वायर काढली होती तुम्ही?" त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी इतकी वर्षं धरून चाललोय, माझाच काहीतरी घोटाळा झाला. ती पट्टी इतकी जुनी दिसत होती. दादा म्हणायचा, पोलीस म्हणतात तू तिथे नव्हतासच, बायको तर तुझ्याचसारखं बोलणार, मग ती निळी वायर कुठाय, दाखव की. मी काय दाखवणार? पुढे पुढे मला स्वप्नातसुद्धा काळीच दिसायला लागली."

"दादा कुठे असतात?" मी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी गेला. शेवटपर्यंत त्याला वाटायचं, मी ते चार दिवस कुठेतरी उंडारत होतो आणि त्याच्या शब्दाची माती केली. माझ्याशी बोलायचा नाही."

त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. डोळे पुसून तो होल्डर काढून द्यायला उठला. मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो. त्याने मला जा म्हटलं नाही आणि बसाही म्हटलं नाही.