तांब्यावरचा हात

पाहुणा आला की आधी पाणी पुढे करायचं, ही आपल्याकडची रीत. काल शेवंताबाईंनी माझ्यापुढे सीलबंद बाटली ठेवली. मी शेजारचा तांब्या उचलायला गेलो, तर त्यांनी त्यावर झटकन तळहात ठेवला.

"ते नको, साहेब. तुम्हाला सोसायचं नाही."

"आणि तुम्हाला सोसतं?"

"आम्हाला कोण विचारतंय?" त्या हसल्या. "तुम्हीच तर पास केलंय पाणी!"

हो, मीच केलं. त्यांच्या शेतामागे जमिनीतून गॅस काढतात. त्यासाठी खोलवरचा खडक फोडायला रसायनं मिसळलेलं पाणी प्रचंड दाबाने आत सोडतात. गावच्या विहिरींचं पाणी तपासायला सरकारने मला नेमलं होतं. नियमात एवढंच होतं, की नमुना गॅसच्या खोदकामाजवळच्या एखाद्या विहिरीतून घ्यावा. मी तो प्रत्येक वेळी चढावरच्या विहिरीतून घेतला, कारण गॅस काढणाऱ्या कंपनीची जीप तिथेच थांबायची आणि मी त्या जीपमध्ये असायचो. पाणी उताराकडे झिरपतं, हे मला कळत होतं. शेवंताबाईंची विहीर उतारावर आहे. नियम तर मोडला नाही ना, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

आता सगळं खरं लिहून वर कळवलंय. पण जमिनीत मुरलेलं विष कुणाला वेचून काढता येतं?

डोळे मिटले तरी तो हात दिसतो. मला वाचवायला तो क्षणात पुढे झाला. त्यांच्या तांब्यावर असाच हात ठेवायला तर मला नेमलं होतं.