अर्धा मिली

आमच्या वर्गात तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. बारा वर्षं ह्याच रुग्णालयात तिने बेडपॅन उचलले, फरशा पुसल्या, आणि पस्तिशीत नर्सिंगला प्रवेश घेऊन आमच्या बाकावर येऊन बसली. मी वर्गात पहिली. डोस मी तोंडी काढायचे. मावशी बोटं मोजत, ओठ हलवत कागदावर दोनदा गणित मांडायची. तोवर माझा चहा पिऊन व्हायचा. तरी इनचार्ज सिस्टर औषधांची ट्रॉली तिच्याच हवाली करायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सरळच सांगते, मी जळायचे.

त्या सकाळी मुलांच्या वॉर्डात वर्षाच्या एका बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं होतं. डॉक्टरांनी वीस मिलिग्रॅम लिहिलं होतं. हे औषध जास्त गेलं तर कान कायमचे जाऊ शकतात, असं परीक्षेत लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. मुलांच्या खणातली कुपी दोन मिलीत वीस मिलिग्रॅमचीच असते, म्हणून मी अख्खी कुपी सिरिंजमध्ये ओढली. नियमाप्रमाणे दुसरीने तपासून सही करायची. दुसरी नेमकी मावशी.

"दोन मिली. कर सही," मी म्हटलं.

"अगं, उत्तर नको ना सांगूस. मला माझं काढू दे."

"मावशी, तोवर बाळ म्हातारं होईल!"

ती ढिम्म. रिकामी कुपी उजेडात धरून तिने एकेक अक्षर वाचलं, आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. बाळाची आई आमच्याकडे टकमक बघत होती.

"अर्धा मिली येतंय," ती म्हणाली.

खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चुकली एकदाची! तिचं हसं व्हावं म्हणून मी मुद्दाम मोठ्याने हाक मारली, "सिस्टर, बघा हिचं गणित!"

सिस्टर आल्या. कुपी माझ्याच हातात देऊन म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. दोन मिलीत ऐंशी मिलिग्रॅम. मोठ्यांची कुपी मुलांच्या खणात आली होती, आकाराने अगदी तेवढीच. चौपट डोस माझ्या सिरिंजमध्ये तयार होता.

"कोणी भरलं?" सिस्टरांनी विचारलं.

"आम्ही दोघी तपासत होतो, त्यात सापडलं, सिस्टर," मावशी म्हणाली.

तिने मला पाठीशी घातलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. हा मोठेपणाही तिलाच मिळायचा का?

"मी भरलं!" मी ओरडलेच.

पाचव्या दिवशी बाळ घरी निघालं. त्याला अर्धा मिलीच दिलं होतं, तरी मी पाठीमागे जाऊन हळूच चमचा वाजवला. ते गर्रकन वळलं. माझा जीव भांड्यात पडला. मग ते लबाड माझ्या शेजारी उभ्या मावशीकडे झेपावलं.

आता आम्ही दोघीही नर्स आहोत. मी तिच्यावर अजून जळते. आणि डोस तपासायला तिलाच बोलावते, माझं उत्तर तळहाताखाली झाकून.