फाटकापर्यंत येणारे मामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या उलथत होते. हाताला तिखट, म्हणून फोन पदराने धरला. पलीकडे सुभाष, मामांचा थोरला. “ताई, बाबा गयात. सकायले... झोपमाच.” शंभरीला टेकलेला माणूस, मनाची तयारी नव्हती असं म्हणायला तोंड नाही. तरी मी तिथेच बसकण मारली, डोळे पुसायला हात वर नेला आणि वेळेवर तिखट आठवलं म्हणून वाचले. शहाद्याच्या बसमध्ये बसल्यावर मनात पहिला विचार आला तो अगदी पोरकट होता... आज फाटकाशी कोण येईल?

कारण मामा फाटकाशी यायचे. कोणीही येवो, हा माणूस खुर्चीतून उठणार, दाराजवळच्या खिळ्यावरची काळी टोपी डोक्यावर चढवणार आणि सामोरा जाणार. त्यातही पायऱ्या ठरलेल्या. मीटर बघायला येणाऱ्यासाठी ओट्यापर्यंत, पोस्टमनसाठी अंगणापर्यंत, व्याह्यांसाठी फाटकापर्यंत. आणि मी भाची, म्हणजे आमच्याकडे मामाने जिच्या पाया पडायचं ते माणूस, माझ्यासाठी पार रस्त्यावर. “ये माय, ये,” म्हणत हातातली पिशवी घेणार, आणि मी कितीही मागे सरकले तरी भर रस्त्यात पायाला हात लावणार. रिक्षावाला बघत राहायचा. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. सुभाष मात्र चिडायचा. तो साखर कारखान्यात नोकरीला, उन्हातान्हातून दमून यायचा आणि बघतो तर बाप फाटकाशी भाजीवालीचं स्वागत करतोय. “बाबा, कचेरी सुटी गयी आते!” असं तो म्हणाला की सरकारी कचेरीतून कधीचे निवृत्त झालेले मामा टोपी खिळ्याला लावत शांतपणे म्हणायचे, “कचेरी सुटस रे, रीत सुटस नही.”

ही रीत कुठून आली, हे मला खूप उशिरा कळलं. मामांचे गुडघे धरायला लागले होते आणि मी रागावून म्हटलं होतं की आता बसून ‘या’ म्हटलं तरी चालतं. तेव्हा ते सांगू लागले. इंग्रजांच्या काळात सातपुड्यातली लहान लहान संस्थानं कागदोपत्री परक्या राज्यांसारखी मोजली जायची. त्यांचा कारभार पोलिटिकल खात्याकडे. एखाद्या राजाच्या ताब्यात दहा-वीस पाडे का असेनात, त्याच्याशी वागायचं ते दुसऱ्या देशाच्या राजाशी वागावं तसं. तो डोंगरातून खाली भेटीला आला की साहेबाने पायरीपर्यंत सामोरं जायचं, हात धरून खुर्चीवर बसवायचं, अत्तर-पान द्यायचं. सामोरं कोणी आलं नाही, तर राजा आत पाऊल टाकायचा नाही. मामा त्या खात्यात नुकते कारकून म्हणून लागले होते, मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. आणि इंग्रज गेले. खातं मोडलं. सगळे कागद लाकडी पेट्यांत भरून महसूल खात्याकडे निघाले. “पेट्यांबरोबर मीबी एक पेटीच,” मामा हसून म्हणाले. “फक्त कुलूप नव्हतं.”

नवे साहेब महसुलातले. मामा त्यांना कधी वाईट म्हणाले नाहीत. सरळ माणूस, कामाचा डोंगर अंगावर. त्यांचं म्हणणं एवढंच, की आता राजा नाही आणि रयत नाही, सगळे सारखे, मग एकासाठीच का उठायचं? पायथ्याच्या एका गावात त्यांचा मुक्काम पडला आणि एका संस्थानच्या म्हाताऱ्या राजाला, कारभार सरकारच्या हवाली करायला या, असं बोलावणं गेलं. राजा आला. बरोबर पाच-पंचवीस माणसं, डोक्याला फेटा. तो अंगणातल्या चिंचेखाली येऊन उभा राहिला. मामा खिडकीशी बसून लिहीत होते. ते उठले आणि म्हणाले, “साहेब, कोणीतरी पायरीपर्यंत जायला हवं.” साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, “दार उघडं आहे. येतील.”

राजा आला नाही. आत साहेब वाट बघतायत, बाहेर राजा वाट बघतोय, मधे चार पावलांचं अंगण. साहेबांना वाटलं, हा मुद्दाम अडून बसलाय. राजाला वाटलं, खाली आपला मान संपला. चिंचेची सावली सरकली तसा तोही सरकला, पण बसला नाही. उन्हं कलली तशी माणसं गोळा केली आणि डोंगराच्या वाटेला लागला. ‘हजर झाले नाहीत’ असा शेरा पडला, तोही मामांच्याच हातचा. “मी जायाले पाहिजे हुतं,” मामा मला म्हणाले. “मोठा साहेब नही ते ल्हाना कारकून. कोणीतरी जायाले पाहिजे हुतं.” मी म्हटलं, अहो, तुमची नोकरी गेली असती. ते म्हणाले, “हां, गयी ऱ्हाती.”

पुढे होळीच्या निमित्ताने मामा एकदा वर डोंगरात गेले होते. माफीचे शब्द वाटभर घोकलेले. तर तो राजा, आता फक्त एक शेतकरी म्हातारा, स्वतः कुडाच्या बाहेर आला, मामांचा हात धरला आणि आत खाटेवर नेऊन बसवलं. चहूकडे ढोल वाजत होते, पोराबाळांची चौकशी झाली, जेवण झालं, आणि मामांच्या तोंडून माफीचा एक शब्द बाहेर पडला नाही. तसेच परत आले. त्यानंतर त्यांच्या मनाने एकच घेतलं. त्या घरचं एक माणूस आपल्या दारी यावं आणि आपण फाटकापर्यंत सामोरं जावं. घरभरणीला, सुभाषच्या लग्नाला, नातवाच्या बारशाला, दर वेळी पहिली पत्रिका डोंगरात गेली. तिकडून कोणाच्या तरी हाती चारोळीची पुरचुंडी यायची, पण माणूस यायचं नाही. राजाने त्या दिवसानंतर कोणाच्या बोलावण्यावरून डोंगर उतरायचा नाही अशी शपथ घेतली म्हणे, आणि तो गेल्यावर मुलांनीही ते पाळलं. मामा चारोळी डोळ्यांना लावायचे आणि मामीकडे द्यायचे. मामी म्हणायची, “आसं काय, जसा देवच उना!” पण तीही ती चारोळी वेगळ्या डब्यात ठेवायची.

शेवटच्या भेटीत मामा ओट्यावर खाटेवर होते. फाटकाचा आवाज यावा म्हणून खाट तिथे आणवली होती. मला बघून त्यांनी आधी खिळ्याकडे बोट केलं. मामीने टोपी आणून दिली, ती पडल्या पडल्याच डोक्यावर बसवून घेतली आणि म्हणाले, “माफ कर माय, पाय आयकतस नही आते.” मी खाटेच्या कडेला बसले. एवढा मान मला कोणी दिला नाही, आणि कोणी देणारही नाही. हे त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. मी आपली गुडघ्यांच्या तेलाविषयी बोलत राहिले...

दहाव्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो. दुःखाच्या घरी कसं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. येणाऱ्याला ‘या’ म्हणायचं नाही, जाणाऱ्याने ‘येतो’ म्हणायचं नाही. माणसं आपोआप येतात, भिंतीला टेकून बसतात, उठून जातात. दुपारी फाटकाबाहेर सत्तरीचा एक माणूस येऊन उभा राहिला. धुतलेला सदरा, खांद्यावर उपरणं, हातात पिशवी. सुभाषने बसल्या जागेवरून मान हलवली, बसा म्हणून हात केला. तो हलला नाही. शेजारच्या बाईला वाटलं, पत्ता चुकला असेल. सुभाष हळूच म्हणाला, “लाजी ऱ्हायना वाटस. येई आपला आपला.” ऊन चढलेलं होतं. तो माणूस कडुनिंबाच्या सावलीत सरकला, पण बसला नाही.

तेव्हा मला एकदम मामांच्या गोष्टीतली चिंच आठवली. मी उठणार तेवढ्यात आतून मामी निघाली. वाकलेली, भिंत धरत धरत. खिळ्याजवळ थांबली, टोपी काढली, ती दोन्ही हातांत धरली आणि ओट्याच्या पायऱ्या उतरू लागली. “आई, कोठे चालनी?” सुभाष ओरडला. नवरा जाऊन दहा दिवस झाले नाहीत, ती बाई सामोरी जाते, म्हणून भिंतीशी बसलेल्या बायकांत कुजबुज झाली. मामी थांबली नाही. “म्हाईत शे माले, दुःखना घर मा कोणले सामने जातस नही,” ती म्हणाली. “पन त्या उभा शेतस. तुन्हा बाप बठी ऱ्हाता का?” फाटकाशी जाऊन तिने टोपी पुढे केली आणि म्हणाली, “या.” त्या माणसाने आधी टोपीला हात लावला, मग मामीच्या पायांना, आणि मगच आत आला.

ते गुमानसिंगभाऊ, त्या राजाचे नातू, निवृत्त प्राथमिक शिक्षक. पिशवीत चारोळी होती. पाणी घेतल्यावर म्हणाले, “मरणाला बोलावणं लागत नाही, म्हणून आलो. आजोबांची शपथ इथे आड येत नाही.” मग मामांच्या रिकाम्या खाटेकडे बघत सांगू लागले. “आजोबा त्या दिवसाचं नेहमी बोलायचे. म्हणायचे, आत सगळे बसलेले होते. एक कारकून पोरगा मात्र खिडकीत उभा होता. मी आलो तेव्हा उठला तो मी निघेपर्यंत बसला नाही. साहेब नाही आला तर नाही आला. तो पोरगा मला जागच्या जागी सामोरा आला. म्हणून तर होळीला ते स्वतः कुडाबाहेर गेले ना.”

मामी पदर तोंडाला लावून बसली. मला मामांचा भयंकर राग आला, आणि माया तर इतकी आली की काय सांगू. अहो मामा, जे देणं तुम्ही जन्मभर फेडत बसलात, ते वर डोंगरात कोणी तुमच्या नावावर धरलंच नव्हतं! एवढं एक वाक्य ऐकायला ते हवे होते. पण मग वाटतं, त्यांना ते आधीच कळलं असतं, तर आम्हा सगळ्यांना फाटकापर्यंत घ्यायला कोण आलं असतं?

परवा पुन्हा शहाद्याला गेले. येतेय म्हणून कोणाला कळवलं नव्हतं. रिक्षा थांबली, मी पैसे देत होते आणि मागून कोणीतरी पिशवीला हात घातला. सुभाष होता, भर रस्त्यावर. डोक्यावर बापाची काळी टोपी, त्याला मोठी होणारी, थेट कानांवर उतरलेली. “ये ताई,” म्हणाला. पिशवी उचलायला वाकला तशी टोपी खाली पडली, आणि ती उचलायला आम्ही दोघंही एकदमच वाकलो.