कोपऱ्यातून विणलेला चौकोन

पडदा उघडतो तेव्हा भाद्रपदातली दुपार आहे. घाटनांदूर स्टेशनाच्या मागच्या गल्लीतली पत्र्याच्या घराची बसकी ओसरी. डाव्या अंगाला रांजण, उजव्या अंगाला जुनं शिलाई मशीन, ज्यावर आता पिठाचा डबा ठेवतात. मधोमध तरटावर जानकीबाई बसलेल्या. वय साठीला टेकलेलं, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथे दोरा लावून कानाला अडकवलेला, पुढ्यात लोकरीचे गुंडे. उजेड तेवढा त्यांच्या हातांवर पडला आहे. मागे, उजेड पोचत नाही तिथे, भिंतीला पाठ लावून त्यांची लेक अंजू. ती इतक्यात काही बोलणार नाही.

जानकीबाईंच्या हातातली सुई सायकलच्या तारेची. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा नवरा बाजारात हमाली करायचा आणि त्या स्टेशनमास्तरांच्या घरी धुणंभांडी करायच्या. मास्तरांची बायको दुपारी क्रोशा विणत बसे. जानकीबाई भांडी घासता घासता मान वळवून बघत. एक दिवस बाई म्हणाल्या, "मान मोडेल अशानं. इकडं येऊन बस." विकतची सुई कुठली मिळायला? गल्लीतल्या लोहाराने चाकाची तार तासून, टोकाला आकडा काढून दिला. मास्तरांची बदली झाली, नवरा गेला, सुई राहिली. झिजून झिजून ती माशाच्या काट्यासारखी झाली होती.

गावातल्या दोन पिढ्यांच्या पोरींच्या रुखवतात जानकीबाईंच्या हातचं काही ना काही मांडलेलं असे. कुणाचं तोरण, कुणाचा रुमाल, पण मागणी खरी चौकोनांच्या चादरीला. साधा चौकोन म्हणजे तीन-तीन खांबांचे झुबके आणि मधे जाळी, तो दिवसात चार होत. भरीव चौकोनात जाळी नसे, तो थंडीला बरा. सूर्यफुलात मधला पिवळा गोल वाढवत न्यायचा आणि शेवटच्या फेरीला त्याला चार कोपरे काढायचे. "गोलाला चौकोनात बसवनं म्हंजी लेकीला सासरी बसवनं, हळूहळू वढावं लागतंय," असं त्या शिकायला येणाऱ्या पोरींना म्हणत, आणि पोरी हसत. उठावाच्या गुलाबाचा चौकोन मात्र त्यांनी एकाच चादरीत घातला. अंजूच्या.

शिकवताना त्यांचा एकच हट्ट असे. "मधलं कडं नीट घाल. कडं सैल तर सगळाच चौकोन वाकडा. जे येतंय ते मधनंच येतंय."

अंजू चकलांब्याला दिली. जावई मुंजाजी ऊस तोडायला जाणारा. तोडीच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम टोळीत घेत नाही. अंजू आठ हंगाम गेली. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा फडातच मोळ्या उचलताना पोट पडलं. मग पोटात दुखायचं थांबेना, आणि या वैशाखात कुठल्याशा दवाखान्यात तिची गर्भाची पिशवी काढली. वय सव्वीस. नवऱ्याने तिला आईकडे आणून सोडलं आणि सांगितलं, दसऱ्यानंतर न्यायला येतो.

अंजू आली त्या दिवशी जानकीबाई दळण आणायला निघाल्या होत्या. सवयीने म्हणाल्या, "अंजे, ती पिशवी दे गं खुंटीवरची." आणि पोरीचा चेहरा बघितला.

त्या दिवसापासून त्या घरात तो शब्द बंद झाला. पिठाचा थैला झाला, बाजाराची झोळी झाली. भाजीवाल्या बंकटने एकदा दारात उभं राहून विचारलं, "पिशवी आनली का, मावशी?" तर जानकीबाईंनी पदर पसरला आणि वांगी त्यात घेतली. बंकट म्हणाला, "कावून? पिशव्या विनून लोकाला देता अन् सवता पदर फाडता?" त्या वांगी घेऊन आत गेल्या. आपण लेकीला जपतो आहोत, एवढंच त्यांना ठाऊक.

दिवस मात्र दसऱ्याकडे सरकत होते. दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं, वर्षभर ओझं उचलायचं नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं म्हणजे ओझं नाही तर काय? अंजूला या हंगामाला जाऊ द्यायचं नाही, हे जानकीबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. पण जावयाला नुसतं नको म्हणून भागत नाही, कारण लागतं.

कारण चालत दारात आलं. बचत गटाचं काम बघणारी ज्योत्स्ना अंबाजोगाईहून गाडीवर आली, हेल्मेट काखेत धरून ओसरीवर बसली. "जानकीमावशी, प्रदर्शनासाठी ऑर्डर आणलीय. तुमच्या त्या चौकोनांच्या साठ पिशव्या पाहिजेत. पिशवीला अस्तर आम्ही देऊ, पिशवीचे बंद..."

अंजू उठून आत गेली. आतून तांब्या पडल्याचा आवाज आला.

"थैले," जानकीबाई म्हणाल्या. "साठ थैले ना? करते की. लेक हाय मदतीला."

"थैले म्हणा, मावशी, काहीही म्हणा. दिवाळीच्या आधी द्या म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी अंजूच्या हातात सुई आली. चार दिवस तिने एकही चौकोन पुरा केला नाही. कडं घाली, पहिली फेरी घाली आणि उसवून टाकी. पाचव्या दिवशी जानकीबाईंनी विचारलं, "हात इसरला का काय? रुखवताच्या वक्ताला तर माझ्याहून जल्दी विनत होतीस."

"मधलं जमंना, माय," अंजू म्हणाली. "भोक दिसतंय."

"घट्ट वढून घे. मिटतंय."

"मिटलं तरी मला दिसतंय."

जानकीबाई त्या रात्री पडल्या पडल्या हवेतच बोटं हलवत राहिल्या. सकाळी त्यांनी लेकीपुढे एक वेगळाच चौकोन टाकला. त्याला मध्य नव्हता. एका कोपऱ्यात तीन टाके घालायचे, उलटून परत यायचं, दर ओळीला मधल्या टाक्यात दोन वाढवायचे. विणता विणता चौकोन आपोआप पसरत जायचा, शेतात पाणी सोडल्यासारखा.

"हे कुनी शिकवलं तुला?"

"कुनी न्हाई. म्हातारी झाले म्हून का नवं येत न्हाई मला?"

अंजूने तो हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. "वाकडाय एका अंगाला."

"डोळे वाकडे झाल्यात तुझ्या मायचे. तू सरळ कर."

तिने केला. दिवसाला सात, मग नऊ. रंगांवरून दोघींची वादावादी होऊ लागली. आईला लालाशेजारी पिवळा हवा, लेकीला राखाडी. "राखाडी काय, चुलीतलं विनतीस का?" यावर अंजू हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. जानकीबाईंनी मान खाली घातली आणि टाके मोजायचं सोंग केलं. आता जावई येऊ दे, त्यांच्या मनात आलं. आपल्याकडे कारण आहे.

मुंजाजी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आला. उंच, वाळलेला, दारात चपला काढून कोपऱ्यात टेकला. येताना घरची चवळी घेऊन आला होता. चहा पिताना म्हणाला, "मामी, साखर इसरलात का जावई बघून?"

"जावई गोड आसल्यावर साखर कशाला?" जानकीबाई म्हणाल्या. मग मुद्द्यावर आल्या. "यंदा अंजू यायची न्हाई. काम हाय तिला हितं. साठ थैल्यांचं."

"टोळी परवा हालतीय, मामी. म्या एकला काय करू? अर्ध्या कोयत्याला कोन घेतंय?"

"तिला बरं न्हाई."

"ठाव हाय की मला. मोळी म्या उचलीन. तिनं निस्तं शेंड्याचं वाढं बांधायचं."

"दर साल हेच म्हनता. जड काम जमायचं न्हाई तिला. तिची..." जानकीबाई थांबल्या. सांगायचं ते एका शब्दात होतं, आणि तो शब्द त्यांनी चार महिने गिळला होता. "तिची तब्येत नाजूक हाय," त्या म्हणाल्या.

अंजू दारात उभी होती. "बोल की, माय. तिची काय?"

जानकीबाई सुटलेला लोकरीचा गुंडा गुंडाळायला लागल्या.

"न्हाई ना निघत? चार महिने बघायले मी. माझ्या पायी घरातल्या पिशवीचं नाव बदललंस तू. एवढी लाज वाटती माझी?"

"लाज न्हाई गं बाई. तुला लागंल म्हून..."

"मला वाटायचं, मायलाच सोसंना तर लोकाला काय सोसंल." अंजूचा आवाज चढला नाही. "फडात सात बाया हायेत आमच्या टोळीत. पाच जनींची काढलीय. सकाळी पानी भरताना एकमेकीला इचारत्यात, तुझी कधी काढली, माझी तवा काढली. कुनी शब्द गिळत न्हाई. मी जाते, माय. तिथं मी चारचौघीसारखी हाय."

मुंजाजीने कप खाली ठेवला. सासूकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. त्यालाही ती अशी यायला नको होती, पण नको म्हणायची ऐपत नव्हती.

समजवायला जानकीबाईंकडे पुष्कळ होतं. पण एकेक वाक्य मनात जुळवायला गेल्या की ते त्याच शब्दाशी येऊन अडे. त्यांनी उठून भाकरी बांधल्या, तिखटाची पुडी केली. अंजूच्या हातचे मध्य नसलेले चौकोन, लाल, पिवळे, राखाडी, तरटावर तसेच पडले होते. जानकीबाईंनी जेवणही केलं नाही. दुपारभर बसून त्यांनी त्यांतले थोडे एकमेकांना जोडले, तळ शिवला, दोन बंद लावले. नजर पोचत नव्हती, म्हणून टाके बोटांनी चाचपत घातले. एक बंद आखूड झाला, तो तसाच राहिला.

चारच्या एसटीला तिघं फाट्यावर उभी होती. गाडी आली. मुंजाजीने पत्र्याची पेटी वर चढवली, मागून अंजू चढली. तिने आईकडे बघितलं नाही, खिडकीतली जागा धरली आणि पदर डोक्यावर घेतला. कंडक्टरने दार ओढलं.

तेव्हा जानकीबाई पुढे झाल्या. पदराखालून त्यांनी ती रंगीबेरंगी वस्तू काढली. आत भाकरी होत्या, लोकरीचे तीन गुंडे होते आणि सायकलच्या तारेची सुई होती. खिडकीच्या गजातून ती आत जाईना, आखूड बंद अडकला. आतून अंजूने हात घातला आणि ओढून घेतली. बोटांना सुई लागली तशी तिने मान वर केली. गाडी हलली होती. जानकीबाई दोन पावलं गाडीबरोबर चालल्या आणि गावातली आजूबाजूची माणसं ऐकतील एवढ्या मोठ्याने म्हणाल्या,

"पिशवी संबाळ, बाई. लई घाईत केलीय म्या पिशवी."