रस्ता नसलेलं गाव

गेल्या हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरली, शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी झाली आणि मुलानं माझी किल्ली काढून घेतली. शिकागोजवळच्या या नेपरव्हिलमध्ये किल्ली नाही म्हणजे पाय नाहीत. कोथिंबिरीची जुडी हवी तरी त्याला फोन करायचा. "आई, वीकेंडला आणतो ना!" वीकेंडपर्यंत मी काय बरणीत मुरत बसू?

वैतागून मी क्रीट बेटाचा नकाशा उघडला. तिथे जायचं नवऱ्याचं आणि माझं ठरलेलं होतं. तो गेला, बेत तेवढा राहिला.

"कार रेंट केल्याशिवाय तिथे फिरता येत नाही," मुलगा म्हणाला. "त्यात तू एकटी. कॅन्सल कर."

कॅन्सल कर म्हणे! त्याला समोर बसवून नकाशा दाखवला. बेट पूर्व-पश्चिम लांबट, काकडीसारखं. मधोमध डोंगर. मोठी गावं उत्तर किनाऱ्यावर, त्यांना जोडणाऱ्या बस. दक्षिणेला डोंगर थेट समुद्रात उतरतात, तिथल्या काही गावांना रस्ताच नाही, नुसती बोट जाते.

"तिथे तुझी कार काय पाण्यावर चालवू?"

मी तिकीट काढलं.

अथेन्सजवळच्या बंदरातून मोठी बोट, उत्तर किनाऱ्यावरच्या हानियाला उतरून दक्षिणेकडे बस. घाट उतरताना मी पुढची सीट घट्ट धरून बसले, खोटं कशाला बोलू? मग छोट्या बोटीनं लुत्रो, त्या रस्ता नसलेल्या गावांपैकीच एक. पांढरी घरं, पायऱ्या, एकही गाडी नाही. माझ्याच वयाची एक बाई कांद्यांची पिशवी घेऊन उतरली आणि चालू लागली. तिला न्यायला कुणी आलं नव्हतं, मलाही नाही. इतकं बरं वाटलं की धक्क्यावर उभी राहून मी चक्क रडले.

परतताना शिकागोच्या विमानतळावर मुलाचा मेसेज: "घ्यायला येतोय."

"येऊ नकोस, ट्रेननं येते," मी कळवलं. विमानतळावरून शहरात ट्रेन, तिथून नेपरव्हिलची ट्रेन. नवरा रोज याच ट्रेननं ऑफिसला जायचा. इतकी वर्षं ती घराजवळून धावत होती आणि मी किल्लीच्या नावानं गळा काढत होते!

स्टेशनवर मुलगा उभाच. "गाडी तिकडे लावलीय."

"असू दे. मी चालत निघाले."

तो माझी बॅग उचलून मागून आला. कोपऱ्यावर त्यानं खिशातून माझी किल्ली काढली. "घे गं आई."

"ठेव तुझ्याकडेच," मी म्हटलं. "ट्रेनचं टाइमटेबल तेवढं फ्रिजवर लाव."